तळघरातला माणूस

(सीताबर्डी, नागपूर इथं तरुण वाचकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला बोलायला सांगितलंय आयर्लंडमधल्या कथा-कादंबऱ्यांवर. मी प्राध्यापक नाही. मुंबईच्या गोदीत लॅशिंगचं काम करतो, म्हणजे जहाजावरचे कंटेनर लोखंडी सळयांनी आवळायचे आणि सोडायचे. शिक्षण मॅट्रिक. इंग्रजी वाचतो ते डिक्शनरी मांडीवर घेऊन. एकेका पानाला कधी अर्धी रात्र जाते. कुणी म्हणेल, इथं स्वतःच्या घराला आग लागलीय आणि हा साला आयर्लंडचं काय घेऊन बसलाय?

तर ऐका. इथं बर्डीवरच, श्याम हॉटेलात, १९५६ च्या ऑक्टोबरात धर्मांतरासाठी आलेले बाबासाहेब उतरले होते. त्याच्या वीस वर्षं आधी, १९३६ साली, 'जातिनिर्मूलना'त त्यांनी आयर्लंडचाच दाखला दिलाय. दक्षिणेकडचा पुढारी रेडमंड अल्स्टरवाल्यांना म्हणत होता की हवी ती संरक्षणं मागा, पण एकत्र राहा. अल्स्टरवाल्यांनी संरक्षणांसकट त्याचं राज्यच नाकारलं. बाबासाहेबांचा मुद्दा असा की सामाजिक प्रश्न बाजूला सारून राजकीय घटना उभी राहत नाही. हे वाचलं तेव्हा माझ्या डोक्यात आलं, हे दोघं वाटाघाटी करत होते त्या वेळी डब्लिनच्या धक्क्यावरचा हमाल काय म्हणत होता? पुढाऱ्यांच्या भाषणात तो नसतो. त्याला शोधायला कादंबरीत जावं लागतं.

मला तो सापडला जेम्स प्लंकेटच्या 'स्ट्रम्पेट सिटी'त. कादंबरी १९६९ ची. प्लंकेट स्वतः युनियनचं काम केलेला माणूस, जिम लार्किनच्या युनियनमधला. नावाचा अर्थच वेश्यानगरी. ज्यांनी 'गोलपिठा' वाचलाय त्यांना असल्या नावानं दचकायला होणार नाही. विषय १९१३ ची डब्लिनची टाळेबंदी. विल्यम मार्टिन मर्फी नावाचा ट्रामचा मालक आणि त्याच्यामागं शेकडो मालक. त्यांनी कामगारांपुढं कागद ठेवला: लार्किनची युनियन सोडली असं लिहून दे, नाहीतर घरी जा. वीस हजारांच्या आसपास कामगार घरी बसले. ऑगस्टपासून थेट पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंत. त्याआधीच्या दिवसांत तिथल्या गोदी कामगाराला मजुरी दारूच्या गुत्त्यात वाटायचे, म्हणजे पैसा हातात येण्याआधीच निम्मा गल्ल्यात. लार्किननं ती चाल मोडायला घेतली. हे वाचताना मला आयर्लंड परदेश वाटलाच नाही.

टाळेबंदीत कामगारांची पोरं उपाशी मरायला लागली. इंग्लंडमधले कामगार म्हणाले, पोरं काही दिवस आमच्याकडे पाठवा, आम्ही जेवू घालतो. तर कॅथलिक पाद्री बंदरावर आडवे आले. कारण काय, तर प्रोटेस्टंटांच्या घरी पोरांचा धर्म बुडेल! पोटाचं कुणी विचारलं नाही. कादंबरीतला फादर ओ'कॉनर याच जातीचा. वाईट माणूस नाही तो. दयाळू आहे, आणि म्हणूनच जास्त धोकादायक. असले दयाळू आपल्याकडं कमी नाहीत.

पण या कादंबरीतला माझा माणूस लार्किन नव्हे. माझा माणूस रॅशर्स टिअर्नी. पडक्या चाळीच्या तळघरात राहतो, पत्र्याची बासरी वाजवून चार पैसे मिळवतो, सोबत एक कुत्रं. तो कुठल्याच युनियनचा सभासद नाही. संप त्याचा नाही, त्यामुळं संपाची मदतही त्याची नाही. शेवटी तळघरात एकटा मरतो आणि उंदीर त्याला कुरतडतात. प्लंकेट युनियनचा असूनही त्यानं हे लिहिलं. लढा जिथपर्यंत पोचत नाही त्या तळघरापर्यंत तो गेला.

आता आपल्याकडं या. १९८२ च्या १८ जानेवारीला मुंबईत गिरणी संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. त्यावर लिहिलं गेलं, जयंत पवारांचं 'अधांतर' आहे. पण त्याच गिरण्यांत १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांना काय विचारावं लागलं? तर आमच्या माणसाला विणकाम खात्यात का घेत नाही? तिथं मजुरी जास्त. पण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, आणि आमच्या थुंकीनं सवर्ण कामगार बाटत होता. लाल बावट्याखालचा कामगार बरं का! डब्लिनच्या त्या कादंबरीत उपासमार आहे, गलिच्छ वस्ती आहे, मालक आहे, पाद्री आहे. थुंकी नाही. आयरिश लेखक वाचताना 'अगदी आपल्यासारखंच' म्हणत डोळे पुसणाऱ्यांनी या थुंकीपाशी थोडं थांबावं.

दुसऱ्या बाजूनंही सांगतो. रॉडी डॉयलच्या 'द कमिटमेंट्स'मध्ये, १९८७ ची कादंबरी, डब्लिनची बेकार पोरं काळ्यांचं सोल संगीत वाजवायला घेतात. त्यांचा म्होरक्या सांगतो की आपण आयरिश म्हणजे युरोपातले काळेच. वाचताना मस्त वाटतं. पण इतिहास काय म्हणतो? गुलामीतून पळालेला फ्रेडरिक डग्लस १८४५ मध्ये आयर्लंडला गेला, तिथं त्याला माणसासारखं वागवलं. त्याच साली बटाट्यावर रोग पडला. पुढच्या सहा-सात वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, तेवढीच देश सोडून गेली. देशातून धान्य मात्र बाहेर जातच होतं. त्या उपाशी लोकांतले बरेच न्यूयॉर्कला उतरले. आणि १८६३ मध्ये सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध दंगल झाली तेव्हा काळ्यांना ठार मारणाऱ्या, काळ्या अनाथ पोरांचं वसतिगृह जाळणाऱ्या जमावात आयरिश मजूर मोठ्या संख्येनं होते. बोटीनं त्यांना गोरं केलं. आपली जात बोटीतून उतरताना आपल्याबरोबरच उतरते, परदेशातल्या आपल्या माणसांना विचारा.

आता ही बर्डीची टेकडी. १८१७ च्या नोव्हेंबरात, २६-२७ तारखेला, इथं इंग्रज आणि आप्पासाहेब भोसल्यांची लढाई झाली. पाच आठवड्यांनी, त्याच युद्धात, भीमा कोरेगाव. तिथल्या महार शिपायांबद्दल आजही विचारतात, इंग्रजांकडून लढले ते गद्दार नव्हेत काय? 'स्ट्रम्पेट सिटी'चा फिट्झ शेवटी काय करतो बघा. संप केला म्हणून त्याला कुठं काम नाही, घरी बायको-पोरं. तो इंग्रजांच्या फौजेत भरती होऊन १९१४ मध्ये बोटीवर चढतो. सेबास्टियन बॅरीच्या 'अ लाँग लाँग वे'मधला, २००५ च्या, विली डन असाच इंग्रजी वर्दीत आहे, आणि १९१६ ला डब्लिनमध्ये उठाव होतो तेव्हा त्याला आपल्याच माणसांपुढं बंदूक घेऊन उभं केलं जातं. अशा शिपायांना आयर्लंडनं कितीतरी वर्षं आठवणीतूनच काढून टाकलं होतं. कादंबरीकारानं त्यांना परत आणलं, हार न घालता आणि शिवी न देता. कोरेगावच्या शिपायाचं आपण काय केलं? जयस्तंभावर जातो, मान वाकवतो. पण तो काय खात होता, भरती होताना आईला काय सांगून निघाला, हे आपल्यातल्या कुणी लिहायला घेतलंय?

बायांचं सांगतो. क्लेअर कीगनची 'स्मॉल थिंग्ज लाइक दीज', २०२१ ची, शंभरेक पानांची. साल १९८५, गाव न्यू रॉस. फर्लाँग हा कोळशाचा व्यापारी, पण स्वतः पोती पोचवणारा. मठात कोळसा टाकायला जातो तर वखारीत कोंडलेली पोरगी सापडते. लग्नाआधी आई झालेल्या किंवा 'बिघडलेल्या' म्हणून ठरवलेल्या पोरींना मॅग्डलिन लाँड्र्यांत फुकट राबवत. शेवटची लाँड्री बंद झाली १९९६ ला, सरकारनं माफी मागितली २०१३ ला. म्हणजे इंग्रज जाऊन सत्तर वर्षं झाली तरी हे चालूच. आणि गावात सगळ्यांना माहीत होतं. फर्लाँगला ते दिसलं कारण तो मागच्या दारानं आत जातो. आपली माणसं पिढ्यान् पिढ्या याच दारानं लोकांच्या घरात गेली. गावाला जे दिसलं नाही ते आपल्या आज्यांनी बघितलेलं आहे. तो ऐवज आपल्याकडं पडून आहे.

जॉइसचं 'युलिसिस' मी चाळीसेक पानांवर सोडलं, उगाच खोटं कशाला बोलू. पण 'डब्लिनर्स', १९१४ चं, सोडू नका. त्यातली 'काउंटरपार्ट्स' ही गोष्ट अर्ध्या तासात होते. फॅरिंग्टन हा कारकून. साहेब सगळ्यांसमोर त्याचा अपमान करतो. तो घड्याळ गहाण टाकून दारू पितो, आणि घरी येऊन लहान पोराला काठीनं मारतो. पोरगा रडत रडत म्हणतो, मारू नका, मी तुमच्यासाठी प्रार्थना म्हणेन. तिथंच गोष्ट संपते. साहेबाला कुणी मारत नाही.

मी ती मराठीत करायला घेतलीय. सगळं जमलं, त्या पोराच्या प्रार्थनेपाशी अडलोय. आमच्या चाळीतलं पोरगं, काठी हातात घेतलेल्या बापाला, काय कबूल करील? तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर सभा संपल्यावर सांगा. मी उद्या रात्रीच्या गाडीपर्यंत इथंच आहे.