रात्रीचं जेवण किती वाजता?

डॉक्टर, आहारतज्ज्ञ मित्रमैत्रिणींनो,

२०१८च्या सुमारास महाराष्ट्रात घरोघरी एक वाद रंगला होता. डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढे नेणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनदाच, तेही ५५ मिनिटांच्या आत जेवा म्हणत होते. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळाने खा म्हणत होत्या. किती वेळा जेवायचं यावर हमरीतुमरी झाली. किती वाजता, हा प्रश्न मागेच राहिला. बाळकुमपासून डोंबिवलीपर्यंतच्या आपल्या रुग्णांसाठी मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो.

पेशींमधल्या घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या तिघांना २०१७चं नोबेल मिळालं. मेंदूतलं घड्याळ उजेडावर लागतं, यकृताचं मात्र बऱ्याच अंशी अन्नावर. रात्री मेलाटोनिन चढतं तेव्हा इन्शुलिनचा प्रतिसाद मंदावतो, म्हणून सातचा वरणभात दहाला खाल्ला तर साखर जास्त वाढवतो. २०२२मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी वजन जास्त असलेल्या १६ जणांना तेच अन्न चार तास उशिरा दिलं. भूक वाढली, ऊर्जेचा खर्च घटला. भरल्या पोटी आडवं झालं की आम्ल वर येतं, झोप मोडते, आणि सततच्या अपुऱ्या झोपेने रक्तातल्या दाहाच्या खुणा वाढू शकतात. पण इथे जपून बोलायला हवं. २०१८च्या एका अमेरिकी प्रयोगात मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे आठ पुरुष दुपारी तीनच्या आत शेवटचं जेवण घेत होते. वजन न घटताही त्यांचा रक्तदाब आणि इन्शुलिनचा प्रतिसाद सुधारला, दाहाची खूण असलेला सीआरपी मात्र हलला नाही. तेव्हा ‘लवकर जेवा, दाह पळेल’ असं आपण तरी सांगू नये. (ते सांगायला व्हॉट्सअ‍ॅप समर्थ आहे.)

आक्षेप येईल की २०२०च्या अमेरिकी चाचणीत ११६ जणांमध्ये वेळेच्या बंधनाने वजनात लक्षणीय फरक पडला नाही. खरं आहे. पण त्यांची खाण्याची वेळ दुपारी बारा ते रात्री आठ होती. सकाळचं खाणं तोडलं होतं, रात्रीचं नव्हे. शिवाय वजनकाटा हेच एक माप धरलं, तर साखर आणि झोप निसटतात.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. साडेआठची लोकल पकडून येणाऱ्या बाईने स्वयंपाक करायचा कधी? भिवंडीच्या यंत्रमागावर रातपाळी करणाऱ्याचं काय? आणि घरातली सगळी माणसं एकत्र पानावर बसतात ती रात्रीच, हे सुख आपण कोणत्या अधिकाराने काढून घेणार? सूर्यास्ताआधी जेवणाऱ्या जैन कुटुंबांचा दाखला इथे पुरत नाही. त्यांच्यामागे घराची आखलेली घडी असते. पण पानावर बसण्यासाठी पान भरलेलंच हवं, असं नाही. भाजी-भाकरीचा दुसरा डबा संध्याकाळी कामावरच संपवावा, घरी सगळ्यांबरोबर वाटीभर कढण किंवा ताक घ्यावं. घरीच जेवायचं असेल, तर सकाळी चिरून ठेवलेली भाजी आणि पोळ्या लाटणारा दुसरा हात हेही उपचाराचेच भाग समजा. रातपाळीवाल्याने मुख्य जेवण पाळीआधी घ्यावं, मध्यरात्री शक्य तितकं हलकं खावं. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांची जेवणाची वेळ मात्र डोस तपासल्याशिवाय हलवू नका. रात्री दोनला साखर उतरलेला रुग्ण आपल्याला परवडणारा नाही.