दोन्ही हातांची नाडी
(सुवर्णमहोत्सवानिमित्त धर्मग्रामाच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



या आनंदाच्या प्रसंगीं आपल्या धर्मगुरूनें धर्मग्रामाच्या इतिहासाविषयीं बोलावें, अशी आपली अपेक्षा असणें स्वाभाविक आहे. परंतु तो इतिहास येथील वडीलधारी मंडळी मजपेक्षां अधिक चांगला सांगतील. मीं आज एका रोगाविषयीं बोलण्याचें योजिलें आहे. कारण त्या रोगाच्या बाबतींत मजकडून एक चूक घडली, आणि ती आपणांपुढें कबूल केल्यावांचून हा महोत्सव मला सुखानें साजरा करतां येणार नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं आपल्या गायकवृंदांतील एक बावीस वर्षांची मुलगी मजकडे आली. तिच्याच अनुमतीनें मी हें सांगत आहें. केंस विंचरतांना तिचा डावा हात भरून येई, उभें राहतांना भोंवळ येई, आणि मागें कित्येक आठवडे तिला बारीक ताप येत होता. उपवासकाळ चालू होता. "बाळ, उपास कमी कर आणि विश्रांति घे," असें सांगून मीं तिला निरोप दिला. शेजाऱ्यांनीं दृष्ट काढिली. लग्नाचें वय म्हणून घरच्यांनीं गोष्ट चारचौघांत येऊं दिली नाहीं. असें एक वर्ष गेलें. मग एके दिवशीं एका परिचारिकेनें तिचा डावा हात धरिला, तों मनगटाशीं नाडीच लागेना! उजव्या हाताचा रक्तदाब १८०/११० भरला.

या विकारास ताकायासूचा धमनीदाह म्हणतात. मिकितो ताकायासू हे जपानी नेत्रवैद्य. १९०८ सालीं त्यांनीं एका २१ वर्षांच्या स्त्रीच्या डोळ्यांतील रक्तवाहिन्यांच्या विचित्र माळेचें वर्णन केलें. तें ऐकून दुसऱ्या जपानी वैद्यांनीं सांगितलें कीं, आपल्याही अशाच रुग्णांच्या मनगटाशीं नाडी लागत नाहीं. हा विकार बहुधा स्त्रियांस, आणि तोही चाळिशीच्या आंत जडतो. तो विरळा आहे खरा; परंतु आपल्या देशांत तरुणांच्या मूत्रपिंडाची धमनी अरुंद होऊन जो उच्च रक्तदाब होतो, त्याचें हें एक प्रमुख कारण आहे.

यांत घडतें तें असें. शरीराचें रक्षण करणारी शक्तिच महाधमनी व तिच्या मोठ्या शाखा यांच्या भिंतींवर उलटते. भिंत सुजते, जाड होते आणि आंतील वाट अरुंद होते. हाताची धमनी अरुंद झाली तर नाडी मंदावते. मानेची झाली तर भोंवळ येते. मूत्रपिंडाची झाली तर रक्तदाब चढतो. शेवटच्या वाफ्यापाशीं पाट तुंबला असतां, विहिरींतच पाणी कमी येत आहे असें समजून माळ्यानें रहाट अधिक जोरानें हांकावा, तसें हें आहे. रक्त कमी पोहोंचलें कीं मूत्रपिंड रेनिन नांवाचें द्रव्य सोडतें, आणि सर्व शरीराचा दाब वाढतो. मूत्रपिंडाची धमनी आंवळल्यानें रक्तदाब चढतो, हें हॅरी गोल्डब्लाट यांनीं १९३४ सालीं कुत्र्यांवरील प्रयोगांनीं दाखविलें. आणि धमनींतील रक्ताचा दाब मोजून १७३३ सालीं तो ग्रंथांत प्रसिद्ध करणारे स्टीफन हेल्स हे इंग्लंडांतील एक धर्मोपदेशकच होते! मला मात्र त्या मुलीची नाडी पाहण्याचेंही सुचलें नाहीं.

म्हणून माझी पहिली विनंति ही कीं, तरुण माणसाचा रक्तदाब चढलेला आढळल्यास "मनाला फार लावून घेते" असें म्हणून स्वस्थ बसूं नका; त्याचें कारण शोधवा. दोन्ही हातांची नाडी व दोन्ही हातांचा दाब पाहावयास सांगा. दोहोंत १० मिलिमीटरांहून अधिक अंतर पडल्यास डॉक्टरांस पुढील तपासणीविषयीं विचारा. दोन्ही हातांच्या धमन्या अरुंद असल्या तर हातावरील आंकडा खोटाच कमी दिसतो. अशा वेळीं पायाचा दाबही मोजावा लागतो. डॉक्टर मानेवर व पोटावर नळी लावून रक्ताचा घरघराट ऐकतात. रक्ताच्या तपासणींत दाहाच्या खुणा मिळतात. पण त्या न मिळाल्या म्हणून रोग नाहींच, असें मात्र नव्हे. खरें चित्र धमन्यांच्या सीटी किंवा एमआर तपासणीनें दिसतें.

उपचारांत प्रथम दाह शमविण्यासाठीं प्रेडनिसोलोनसारखें स्टिरॉइड देतात, व तें हळूहळू उतरवितात. त्याच्या जोडीला बहुधा मेथोट्रेक्झेट किंवा तत्सम औषध असतें. बरें वाटूं लागलें म्हणून स्टिरॉइड एकाएकीं सोडणें प्राणावर बेतूं शकतें. या औषधांनीं रोगप्रतिकारशक्ति कमी होते. म्हणून क्षयाची तपासणी आधीं करून घ्यावी. मेथोट्रेक्झेट गर्भारपणीं मुळींच चालत नाहीं. लग्न झालेल्या मुलींनीं डॉक्टरांशीं मोकळेपणानें बोलावें. रक्तदाबाची गोळी शेजाऱ्याची मागून घेऊं नये. दोन्ही मूत्रपिंडांच्या धमन्या अरुंद असतां कांहीं गोळ्या मूत्रपिंडांसच अपाय करतात. जरूर पडल्यास धमनींत फुगा घालून वाट रुंद करितात, किंवा शस्त्रक्रियेनें नवी वाट जोडितात. तेंही शक्य तों दाह शमल्यावर.

पन्नाशी उलटलेल्यांनींही एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. कानशिलाशीं नवीनच दुखूं लागलें, घांस चावतांना जबडा दुखूं लागला, किंवा दृष्टि क्षणभर अंधुक झाली, तर तो दुसऱ्या जातीचा धमनीदाह असूं शकतो. त्यांत कायमचें अंधत्व येऊं शकतें. अशा वेळीं उद्यांवर न ढकलतां त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा.

कोणी म्हणेल, "फादर, मग नोव्हेना करावयाची नाहीं काय?" अवश्य करावी! परंतु जुन्या करारांतील सिराखाच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय घरीं वाचून पाहा. वैद्य आणि औषध हीं देवाचींच देणगी आहेत, हें तेथें स्पष्ट सांगितलें आहे. आणि ज्या संत लूकनें आपल्याला शुभवर्तमान दिलें, त्यास संत पौल वैद्य म्हणूनच संबोधितो. प्रार्थना करणाऱ्यानें गोळी टाळिली, तर देवानें पुढें केलेला हातच त्यानें दूर लोटिला असें होईल. आणि रोग म्हणजे कलंक नव्हे. लग्न मोडेल या भीतीनें जो लपविला जातो, तो लपल्या जागीं वाढतच राहतो.

त्या मुलीच्या मूत्रपिंडाच्या धमनीची वाट फुग्यानें उघडली गेली. डाव्या हाताची नाडी अजून मंदच आहे. ती नेमानें गोळ्या घेते, दर कांहीं महिन्यांनीं तपासणीस जाते, आणि आज सकाळच्या मिस्साबलिदानांत आपण जें प्रवेशगीत ऐकिलें, त्यांत तिचा आवाज होता. गेलेलें वर्ष मात्र मला तिला परत देतां येत नाहीं. आपणांपैकीं कोणा दुसऱ्या घरचें वर्ष तसें जाऊं नये, एवढ्यासाठींच हें बोललों.

परमेश्वर आपणां सर्वांस आरोग्य देवो आणि पवित्र मारिया आपल्या कुटुंबांचें रक्षण करो.