मोडलेल्या गाडीचं मोल

अमरावतीच्या, अकोल्याच्या आणि मधल्या बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजूच्या सगळ्या ऐकणाऱ्या आयाबहिणींना आम्हा दोघी जावांचा रामराम.

आजचा विषय गाडीच्या विम्याचा आहे. गाडीचे कागद म्हणजे पुरुषांचं काम, असं अजून पुष्कळ घरांत समजतात. पण अपघात होऊन घरचा माणूस दवाखान्यात पडला, की विमा कंपनीचे फोन उचलायची वेळ आपल्यावरच येते. तेव्हा समोरचा माणूस एक शब्द उच्चारतो, ‘टोटल लॉस’. म्हणजे तुमची गाडी आता दुरुस्त करायची नाही, मोडीत काढायची. तो शब्द ऐकला की पोटात गोळा येतो. त्या शब्दामागचा हिशोब आपल्याला कळावा, एवढ्यासाठी आज बोलतो आहोत.

आपल्या वऱ्हाडात पोळ्याला बैलाची पूजा होते. म्हातारा झालेला, नांगराला न चालणारा बैलही त्या दिवशी सजतो. त्याची बाजारातली किंमत त्या दिवशी कोणी विचारत नाही. घरच्या गाडीचंही तसंच असतं. आमच्या सासऱ्यांनी नोकरीतून निवृत्त झाल्यावर हाती आलेल्या पैशांतून वॅगन-आर घेतली. ती घेऊन आधी अमरावतीला अंबादेवीला गेलो, मग घरी आलो. दर दसऱ्याला तिला झेंडूची माळ असायची. आमच्या दोघींची बाळंतपणं, नणंदेचं लग्न, आणि शेवटी मामंजींचा दवाखाना, सगळं त्याच गाडीनं पाहिलं. मामंजी गेल्यावर सासूबाई कधी कधी उगाच तिच्यात जाऊन बसायच्या. ही ओढ विमा कंपनीच्या कोणत्याच रकान्यात मावत नाही. तिथे लिहिलेली असते फक्त किंमत. म्हणून ओढ आपल्याजवळ ठेवायची आणि किंमत मात्र नीट मोजून घ्यायची.

गेल्या वर्षी आमचे थोरले अमरावतीहून अकोल्याला येत होते. हा तोच रस्ता, ज्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता चांगला झाला, तशा गाड्याही पळू लागल्या. कुरूमच्या पुढे मागून ट्रकनं ठोकलं. थोरल्यांचा हात मोडला, बाकी देवाच्या दयेनं निभावलं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, “गाडी गेली त गेली, मानूस वाचलं ना वं.” खरंच आहे ते. पण माणूस वाचला म्हणून कागद सोडून द्यायचे नसतात.

पोलिसांत खबर दिली, त्याच दिवशी कंपनीला कळवलं, गाडीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले. सर्व्हेअर आला. २०२४ च्या नियमावलीप्रमाणे कंपनीनं खबर मिळाल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्यानं १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल मिळाल्यावर कंपनीनं ७ दिवसांत निर्णय कळवायचा असतो. हे आकडे लक्षात असले, की फोनवर “अजून प्रोसेसमध्ये आहे” असं कोणी म्हणालं तर तारीख विचारता येते.

आता मुख्य गोष्ट. पॉलिसीच्या पहिल्या पानावर ‘आयडीव्ही’ नावाचा एक आकडा असतो. ही गाडीची ठरलेली किंमत. गाडी नवी असताना ती घसाऱ्याच्या तक्त्यानं ठरते. सहा महिन्यांच्या आत ५ टक्के घसारा, वर्षाच्या आत १५, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्के. पाच वर्षांच्या पुढे तक्ता संपतो. तिथून पुढे ही किंमत कंपनी आणि आपण, दोघांच्या संमतीनं ठरते. आमच्या ११ वर्षांच्या गाडीची किंमत अशी १,६०,००० रुपये लिहिलेली होती.

टोटल लॉसचा नियम असा, की दुरुस्तीचा आणि गाडी उचलून आणण्याचा मिळून खर्च, पॉलिसीच्या अटी लावून, आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला, तर गाडी टोटल लॉस धरायची. १,६०,००० चे ७५ टक्के म्हणजे १,२०,०००. वर्कशॉपचं एस्टिमेट आलं २,५५,००० रुपये. आता ‘अटी लावून’ हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. जुन्या गाडीला नवे भाग टाकले तर कंपनी पूर्ण पैसे देत नाही. रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी यांचे निम्मे कापते, काचेचं काही कापत नाही आणि लोखंडी भागांचं गाडीच्या वयाप्रमाणे कापते. दहा वर्षांवरच्या गाडीला तेही निम्मं. आम्ही सर्व्हेअरकडे हा हिशोब लेखी मागितला. सगळी कापाकापी करून कंपनीच्या वाट्याला १,३४,००० येत होते. म्हणजे ७५ टक्क्यांच्या वरच. गाडी टोटल लॉस ठरवली, ते नियमाला धरून होतं. आणि हट्टानं दुरुस्त करायला लावली असती, तर वरचे १,२१,००० आमच्या खिशातून गेले असते. हा हिशोब पाहिल्यावर आमचं अर्धं भांडण तिथेच मिटलं.

उरलेलं अर्धं मात्र खरं होतं. कंपनीकडून फोन आला, “बाजारात या गाडीला एवढे येत नाहीत, १,१०,००० घ्या, लगेच खात्यात जमा करतो.” सोबत संमतीपत्र पाठवलं, खाली सहीची जागा. थोरले दवाखान्यात, घरात पैशाची ओढाताण, अशा वेळी लगेच मिळणारे पैसे फार मोठे वाटतात. पाण्यातल्या म्हशीचं मोल बाहेरून करावं, तसा हा प्रकार.

आम्ही सही केली नाही. पॉलिसीचं पुस्तक काढून वाचत बसलो. त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं, की टोटल लॉसच्या दाव्यासाठी आयडीव्ही हीच पॉलिसीच्या पूर्ण मुदतीत गाडीची बाजारभावाची किंमत समजली जाईल आणि तिच्यावर आणखी घसारा लावला जाणार नाही. मैत्रिणींनो, हे वाक्य आपल्या पॉलिसीत शोधून त्याखाली पेन्सिलीनं रेघ मारून ठेवा. हप्ता घेताना कंपनीनं जी किंमत मान्य केली, ती अपघातानंतर तिला कमी वाटून चालत नाही.

सुप्रीम कोर्टानंही हेच सांगितलं आहे. २००८ सालचा धर्मेंद्र गोयल विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स हा निकाल. गाडी ३,५४,००० रुपयांना विम्यात धरलेली होती आणि त्यानंतर सात महिन्यांनी अपघात झाला. कोर्टानं म्हटलं, की ज्या किमतीवर हप्ता घेतला ती किंमत कंपनीला मनाला येईल तशी खाली आणता येणार नाही. सात महिन्यांच्या वापराचे १०,००० कमी करून ३,४४,००० द्यायला लावले. सर्व्हेअरचा अहवाल म्हणजे काही शेवटचा शब्द नव्हे, हेही सुप्रीम कोर्टानं २००९ मध्ये प्रदीप कुमार यांच्या खटल्यात सांगितलं आहे. तो महत्त्वाचा असतो, पण त्याला उत्तर देता येतं.

आम्ही साधं मराठीत पत्र लिहिलं. पॉलिसी क्रमांक, अपघाताची तारीख, पॉलिसीतलं ते वाक्य आणि एकच प्रश्न, कोणत्या अटीनुसार ५०,००० रुपये कमी केले ते लेखी कळवावं. पत्र कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेलनं आणि रजिस्टर पोस्टानं पाठवलं. तीन आठवड्यांनी १,५९,००० मंजूर झाले. १,००० रुपयांची वजावट १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सगळ्यांनाच असते.

आता पुढचा प्रश्न, मोडलेली गाडी कोणाची? इथे दोन वाटा असतात. एक, पूर्ण रक्कम घ्यायची आणि मोडलेली गाडी देऊन टाकायची. दुसरी, गाडी आपल्याकडे ठेवायची आणि भंगाराला जी बोली आली असेल तेवढी रक्कम कमी घ्यायची. आमच्या गाडीला ४०,००० ची बोली होती. म्हणजे गाडी ठेवली असती तर हातात १,१९,००० आले असते. धाकट्यांच्या ओळखीच्या मिस्त्रीनं जुने भाग टाकून १,३०,००० मध्ये उभी करून देतो म्हटलं. पण तो प्रामाणिक माणूस. म्हणाला, “वहिनी, चॅसी वाकली आहे. गाडी चालंल, पन सरळ चालंल याची गॅरंटी मी नाई देत.”

घरात दोन दिवस यावरच बोलणं. पैशाचा फरक मोठा नव्हता, प्रश्न मनाचा होता. शेवटी सासूबाईंनीच निकाल दिला. “ह्यायच्या गाडीत ह्यायचेच नातू बसनार. वाकड्या गाडीत मी पोरायले नाई बसू देत.” मग गाडीतली मामंजींची लहानशी गणपतीची मूर्ती आणि त्यांच्या हातची टायरची हवा लिहिलेली डायरी काढून घेतली आणि गाडी दिली. एखाद्या घरी निर्णय वेगळा होईल. चॅसी शाबूत असेल, मिस्त्री भरवशाचा असेल, तर गाडी ठेवण्यात काही वावगं नाही. निर्णय मात्र हिशोब समोर ठेवून आपण घ्यावा, फोनवरच्या माणसानं घेऊ नये.

गाडी देताना एक काळजी घ्या. भंगारवाल्याच्या नावाची, तारखेची जागा कोरी ठेवलेल्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या करू नका. गाडी कायमची मोडीत निघाली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करावी लागते. नाहीतर आपल्या नावाची आरसी कुठल्या कुठे फिरत राहते. गाडी दुसऱ्याकडे गेली पण नोंद आपल्याच नावावर राहिली, तर पुढच्या अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकावर येते, असं सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये नवीन कुमार यांच्या खटल्यात सांगितलं आहे. फास्टॅगही त्याच दिवशी बंद करा. गाडीवर कर्ज असेल तर विम्याचे पैसे आधी बँकेकडे जातात, हेही ध्यानात असू द्या.

आता खास बायांसाठी एक गोष्ट. पुष्कळ घरांत मालक वारले तरी गाडी आणि विमा त्यांच्याच नावावर चालू असतो. मृत्यूनंतर पॉलिसी लगेच बंद पडत नाही, पण जास्तीत जास्त तीन महिने, किंवा तिची मुदत आधी संपत असेल तर तोपर्यंतच चालते. आरटीओला ३० दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत गाडी वारसाच्या नावावर करायला अर्ज द्यायचा. दुःखाच्या दिवसांत हे सुचत नाही, म्हणून जवळच्या बाईनं आठवण करून द्यावी. आमच्याकडे तेराव्यानंतर नणंदेनं ती करून दिली, आणि गाडी सासूबाईंच्या नावावर झाली. त्यामुळेच हा क्लेम उभा राहिला.

आणि एवढं करूनही कंपनी ऐकत नसेल तर? आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्या. विमा नियामकाचा १५५२५५ हा फुकटचा नंबर आहे. महिनाभरात समाधान झालं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. आपल्या अमरावती, अकोल्याचं काम पुण्याच्या कार्यालयाकडे येतं. फी नाही, वकील लागत नाही, अर्ज पोस्टानं किंवा ईमेलनं चालतो. कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून वर्षाच्या आत अर्ज करायचा. दुसरी वाट जिल्हा ग्राहक आयोगाची. अमरावतीत आणि अकोल्यात दोन्हीकडे आयोग आहे, आणि २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची.

शेवटी एक काम सांगतो. ते आज संध्याकाळी करा, दिवेलागणीनंतर पाच मिनिटं लागतील. घरच्या गाडीची पॉलिसी काढा आणि पहिल्या पानावरचा आयडीव्ही बघा. हप्ता दोन-चारशेनं कमी व्हावा म्हणून कोणी तो फार खाली तर नाही ना आणला? तशीच जुनी गाडी बाजारात कितीला जाते, ते दोन ठिकाणी विचारा. आकडा फार कमी वाटला, तर पुढच्या वेळी पॉलिसी नव्यानं करताना एजंटला सांगून वाढवून घ्या. भाव ठरतो तो हप्ता भरायच्या दिवशी. अपघातानंतर आपल्याला फक्त तो मागून घ्यायचा असतो.

गाडी सांभाळून चालवा, आणि कागद आपल्या हाताला लागेल अशा जागी ठेवा. येतो आम्ही. रामराम.