राजवाड्याची वेळ आणि सरळ रेषा



रेषीय समीकरणाचा चढ व अंतःखंड काढण्याची रीत विद्यार्थी चटकन पाठ करतात. परंतु त्या दोन आकड्यांचा अर्थ विचारला की वर्ग गप्प होतो. इंदूरच्या मराठी घरांतील मुलांना तो अर्थ पंचांगातून सांगता येईल.

भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून धरली जाते. मुंबईने मात्र आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत राखली होती व ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. क्ष म्हणजे रेखांश आणि य म्हणजे स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या किती मिनिटे पुढे, असे मानावे. मागे असल्यास य ऋण. मुंबईचा रेखांश सुमारे ७२.८. म्हणून (८२.५, ०) आणि (७२.८, −३९) हे दोन बिंदू मिळतात. य मधील फरक ३९, क्ष मधील ९.७, भागाकार सुमारे ४. हा चढ होय. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे अंशास नेमकी ४ मिनिटे; जुन्या घड्याळांतही तेच लपलेले होते!

आता पहिला बिंदू समीकरणात घालावा : ० = ४ × ८२.५ + क; म्हणून क = −३३०. हा अंतःखंड, म्हणजे क्ष शून्य असताना, अर्थात ग्रिनिचला, येणारी य ची किंमत. ३३० मिनिटे म्हणजे साडेपाच तास. ऋणचिन्ह विसरणारा विद्यार्थी ग्रिनिचला भारताच्या पुढे नेऊन ठेवतो, हे त्याच्या ध्यानी आणून द्यावे.

राजवाडा सुमारे ७५.८५ अंशांवर आहे. य = ४ × ७५.८५ − ३३० = −२६.६. मुंबईशी तुलना करताना अंतःखंड उडून जातो व केवळ चढ उरतो : ३.०५ × ४, म्हणजे सुमारे १२ मिनिटे. मुंबईसाठी छापलेल्या पंचांगातील मध्यान्ह राजवाड्यावर तितका आधी होतो. सूर्योदयास एवढ्याने भागत नाही. तेथे अक्षांशही लागतो आणि ते काम या रेषेचे नव्हे.

प्राचीन ज्योतिर्विद शून्य रेखांश जवळच्याच उज्जैनला मानीत. उज्जैन सुमारे ७५.८ अंशांवर आहे. तेथून क्ष मोजल्यास चढ ४ च राहतो, अंतःखंड मात्र −३३० ऐवजी −२६.८ होतो. हे उदाहरण मुलांकडून फळ्यावर अवश्य सोडवून घ्यावे.