बंद पडलेली कंपनी



“गुरुजी, कंपनी तर कवाच बंद पडली. मग ह्यो कागद कसला आलाय?”

शाळा सुटल्यावर पाच शेतकरी हा प्रश्न घेऊन गुरुजींकडे आले होते. गावाचे नाव मी सांगत नाही. आपल्याकडे अशी गावे पुष्कळ आहेत. तीनशे कांदा उत्पादकांनी भाग घेऊन शेतकरी उत्पादक कंपनी काढली, भाड्याचे गोदाम घेतले, वजनकाटा आणला. दोन हंगाम बरे गेले. पुढे व्यापाऱ्याने पैसे थकवले आणि २०२१ च्या वसंतात गोदामाला कुलूप लागले. हे पाचजण तिचे संचालक. कुलूप लावले तेव्हाच कंपनी मिटली, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

आजोबा वारले म्हणून सातबाऱ्यावरचे त्यांचे नाव आपोआप निघत नाही. वारसांना तलाठ्याकडे अर्ज द्यावा लागतो. कंपनीचेही तसेच आहे. ती कायद्याने निर्माण केलेली व्यक्ती. धंदा थांबला तरी कंपनी निबंधकाच्या दप्तरी ती जिवंतच असते, आणि जिवंत असेल तोवर दरसाल तिने ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्र असे दोन कागद दाखल करावेत, अशी अपेक्षा असते. व्यवहार शून्य असला तरी कागद चुकत नाहीत. कंपनी काही काळ झोपवायची असेल तर कायद्यात ‘सुप्त कंपनी’ म्हणून तशी सोय आहे. पण त्यासाठीही अर्ज हवा. न सांगता झोपलेल्या कंपनीला ती सवलत मिळत नाही.

आता शुल्काचे पाहू. जुलै २०१८ पासून या दोन्ही कागदांना उशिराबद्दल दर दिवशी, दर कागदामागे १०० रुपये जादा पडतात आणि त्याला वरची मर्यादा नाही. म्हणजे एका सालचे दोन कागद एक वर्ष रखडले की ७३,००० रुपये. चार वर्षांचे कागद तुंबले, पहिले चार वर्षे, दुसरे तीन, तिसरे दोन, चौथे एक वर्ष, तर हिशेब ७,३०,००० रुपयांवर जातो. कंपनीचे भांडवल तीन लाखांचे! गुरुजींनी हा आकडा फळ्यावर मांडला, तेव्हा अध्यक्षांनी डोक्याची टोपी काढून मांडीवर ठेवली.

हे जादा शुल्क कागद दाखल करताना भरायचे असते. त्यामुळे न भरणाऱ्याच्या दारात सहसा कोणी उभा राहत नाही, आणि माणूस फसतो तो इथेच. एक संचालक म्हणालेही, “सरकार आपणहून नाव काढतंय म्हणे. काढू द्या की!”

काढते, हे खरे. २०१७ साली दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावे निबंधकांनी काढली. पण त्याबरोबर लाखो संचालक अपात्रही ठरले. सलग तीन वर्षांचे ताळेबंद किंवा विवरणपत्रे दाखल झाली नाहीत, तर संचालकाला पाच वर्षे दुसऱ्या कंपनीत ते पद घेता येत नाही. उद्या गावात चांगली कंपनी निघाली, तर अनुभवी माणसेच बाहेर बसणार. शिवाय नाव गेले तरी संचालकांची जबाबदारी जात नाही. जीएसटीची थकबाकी, गोदामाचे भाडे, बँकेचे कर्ज मागे उभेच असते.

तेव्हा आपणच अर्ज देऊन नाव काढून घ्यावे. त्यात एक बारीक तरतूद आहे, तीच मला आज मुख्यतः सांगायची आहे. नियम असा की, ज्या आर्थिक वर्षात धंदा थांबला त्या वर्षअखेरपर्यंतचे थकलेले कागद भरले की अर्ज करता येतो. पुढल्या रिकाम्या वर्षांचे भरावे लागत नाहीत. मात्र निबंधकाने नाव काढण्याची कारवाई सुरू केली असेल, तर सगळे थकलेले कागद भरल्याशिवाय अर्ज चालत नाही. आणि ती कारवाई पुढे जाऊन जाहीर सूचना निघाली, की अर्जाची वाटच बंद. सुदैवाने गुरुजींच्या हातातला कागद नुसते आठवणपत्र होते.

मग त्यांनी हिशेबाची पिशवी मागवली आणि ती माझ्याकडे आली. शेवटची कांद्याची पावती मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातली निघाली, बँकेचा उताराही तेच सांगत होता. ती एप्रिलमधली असती तर आणखी एका सालचे कागद आणि त्यांचे जादा शुल्क अंगावर आले असते. पण म्हणून तारीख मागे ओढू नका, बरे का! प्रत्येक संचालकाला प्रतिज्ञापत्र आणि हमीपत्र द्यावे लागते.

आधी देणी फेडावी लागतात, कर्जापोटी बँकेचा बोजा नोंदलेला असेल तर तो उतरवावा लागतो, आणि सभासदांच्या सभेत तीन-चतुर्थांश मतांनी विशेष ठराव लागतो. सनदी लेखापालाने तपासलेले हिशेबपत्रक ३० दिवसांहून जुने चालत नाही, म्हणून ते शेवटी करावे. अर्जाची फी १०,००० रुपये. मे २०२३ पासून असे अर्ज हरियाणातील मानेसरच्या केंद्रात हाताळले जातात. तिथे जावे लागत नाही, सारे संगणकावरून होते. हरकतींसाठी मुदत ठेवून मग राजपत्रात सूचना निघते, आणि कंपनी विसर्जित होते.

शुल्कमाफीच्या योजना अधूनमधून येतात. २०२० साली आलेली त्याच वर्षाच्या अखेरीस संपली. पुढची येईल म्हणून थांबणाऱ्याचे दिवसाला २०० रुपये चालूच असतात.

त्या गावची सभा शाळेच्या पटांगणात झाली. वजनकाटा विकून गोदामाचे थकलेले भाडे भागवले. एका सालच्या कागदांचे जादा शुल्क उरले, ते पाच संचालकांनी वाटून भरले. एकाला म्हैस विकावी लागली. ठरावावर सह्या घेताना एका म्हाताऱ्या सभासदाने विचारले, “माझं हजार रुपये गेलं का मग?” अध्यक्ष म्हणाले, “गेलं, आबा. माझंबी गेलं.” मग आबांनी चष्मा लावला आणि सही केली.