ताटाचा जमाखर्च

(मंडळाच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून समाजाच्या हक्कांवर, निवडणुकांवर, मुलांच्या शिक्षणावर पुष्कळ बोलले जाते. आजचा विषय साधा आहे : आपले रोजचे जेवण आणि वाढते वजन. आम्ही डॉक्टर नव्हे, बँकेतील कारकून. जमाखर्च मांडणे तेवढे आम्हाला येते, तोच मांडतो. मात्र मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधे चालू असणाऱ्यांनी खाण्यात मोठा बदल करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

हा घरचा विषय आहे, समाजाचा नव्हे, असे कोणी म्हणेल. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत कर्नाटकातील १५ ते ४९ वयाच्या स्त्री-पुरुषांत शंभरांतील सुमारे तीस जण जादा वजनाचे आढळले. २०१५-१६ मध्ये हा आकडा बावीस-तेवीस होता. घरातील कर्ता माणूस पन्नाशीच्या आत मधुमेहाने किंवा हृदयविकाराने खाटेला खिळला, की मुलांच्या शिक्षणाचा पैसा औषधात जातो. मग हा समाजाचा प्रश्न नव्हे तर काय?

पुष्कळ जण म्हणतात, "आम्ही कुठे जाडे? नुसते पोट तेवढे सुटलेय." नेमके तिथेच पाणी मुरते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली एका इंग्रज सहकारी डॉक्टरांबरोबर स्वतःचाच दाखला 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण अंगातील चरबी इंग्रज डॉक्टरांची ९ टक्के आणि याज्ञिकांची २१ टक्के! आपल्या लोकांच्या अंगात चरबी अशी लपून बसते. म्हणून वजनकाट्याबरोबर टेपही वापरावी. कंबरेचा घेर पुरुषांचा ९० आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या वर गेला, की सावध व्हावे.

आता खाते उघडू. दिवसाला चार चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे आठ चमचे, ४० ग्रॅम साखर. त्यातून सुमारे १६० कॅलरी मिळतात. वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास ठेवलेली उत्तम, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. म्हणजे पेढ्याचा डबा उघडण्याआधीच आपले खाते जास्त उचल दाखवते. साखरेऐवजी गूळ घातला म्हणून रक्कम फारशी बदलत नाही. रोजची थोडी शिल्लक आवर्ती ठेवीसारखी साठत जाते आणि मुदत पुरी झाल्यावर पोटावर दिसते.

दुसरे खाते तेलाचे. एका ग्रॅम तेलात नऊ कॅलरी असतात. माणशी दिवसाला २० ते २५ ग्रॅम धरले, तर चौघांच्या घराला महिन्याला अडीच ते तीन किलो तेल पुरे. आपल्या घरी किती लागते, ते किराणाच्या यादीत पाहावे. संध्याकाळी गिरमिटाबरोबर मिरची भजी पंधरवड्यातून एकदा खाल्ली तर बिघडत नाही. रोजची झाली की बिघडते.

आता जमेची बाजू. आपल्या मुलुखाची ज्वारी! शंभर ग्रॅम ज्वारी, गहू किंवा तांदूळ, कॅलरी जवळपास सारख्याच, ३२० ते ३६०. त्यामुळे भाकरी खाल्ली म्हणून आपोआप वजन उतरते, हा भ्रम नको. पण ज्वारीत तंतू सुमारे दहा ग्रॅम, तर पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात तीन ग्रॅमही नाहीत. तंतूंमुळे पोट लवकर भरते आणि भूक उशिरा लागते. एक-दोन भाकरी, मुगाची किंवा मटकीची उसळ, वांग्याची भाजी, मेथीची कोवळी पाने, मुळा, काकडी आणि वाटीभर ताक, हे आपल्या आज्यांचे ताट होते. शेंगाचटणी चमचाभरच घ्यावी, कारण तिच्यात तेल भरपूर. भात घ्यायचाच तर एक वाटी.

उपवासाचेही तसेच. साबुदाणा, बटाटा, दाण्याचे कूट, म्हणजे एकादशी अन् दुप्पट खाशी! त्यापेक्षा फळे, ताक आणि थोडी वरई बरी.

आमच्या मते खरी अडचण आहे ती आग्रहाची. "एक तरी घ्याच" म्हणत पंगतीत वाढणे हा आपण मान समजतो. घेणाऱ्याला नाही म्हणवत नाही, आणि उरलेले पत्रावळीत टाकले जाते.

म्हणून कार्यकारिणीपुढे तीन सूचना ठेवतो. एक, मंडळाच्या पंगतीत गोड एकच आणि तळलेला पदार्थ एकच असावा. भाकरी, उसळ व कोशिंबीर अवश्य असावी. दोन, वाढप्यांनी एकदाच विचारावे. नको म्हणणाऱ्याचा मान राखावा. तीन, वॉर्डात मते मागायला येणाऱ्यांकडे आपण सभागृहासाठी निधी मागतो. त्याबरोबर ज्येष्ठांना आणि बायकांना निर्धास्त चालता येईल असा पदपथ आणि दिवे असलेली बागही मागावी.

अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांना वजन सात टक्के उतरवण्याचे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे चालण्याचे उद्दिष्ट दिले होते. त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. ऐंशी किलोच्या माणसाला सात टक्के म्हणजे साडेपाच किलो. महिन्याला अर्धा किलो उतरवले तरी वर्षाच्या आत हिशेब जुळतो.

तेव्हा बंधू-भगिनींनो, आजच्या रात्रीच्या ताटापासूनच सुरुवात करूया. सूचनांवर मोकळेपणाने मत मांडावे, ही विनंती.