चिमणी शिवण्याआधीचं कापड

आज कोडिंग नाही, आज गोधडी.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, गाव बीड जिल्ह्यातलं दिंद्रुड. दिवाळीत गावी गेलो तेव्हा बहिणीच्या बाळासाठी गोधडी करायला घेतली. पाठीमागचं कापड म्हणून आजीने तिच्या आईच्या लुगड्याचा शेवटचा तुकडा दिला. त्यावर रंगीत कापडाच्या चिमण्या ठेवून कडेने मशीनने शिवायच्या, म्हणजे ॲप्लिक. घरात पिको-फॉलची झिगझॅग मशीन होतीच. यूट्यूब बघितलं आणि थेट सुरू!

पहिल्याच चिमणीभोवती लुगडं चुण्या पडून गोळा झालं. आजी म्हणाली, "आधी कापड तयार करावं लागतंय बाळा. तू तर निस्ती मशीनच पळवायलास."

उसवलं, पण सुईची भोकं राहिली. दुसरा तुकडा तर नव्हताच.

असं का होतं? झिगझॅगचा प्रत्येक टाका कापडाला दोन्ही बाजूंनी आत ओढतो. टाके जवळजवळ असले की ओढ वाढते, आणि जुनं, मऊ सुती कापड ती झेलू शकत नाही. त्याला आधार लागतो.

मग आजीच्या पद्धतीने केलं. कापड धुतलं, म्हणजे आटायचं ते आधीच आटलं. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग जातो का पाहिलं. साबुदाण्याची पातळ खळ गाळून लावली, अर्धवट ओलं असतानाच इस्त्री केली. इस्त्री सरकवायची नाही, दाबून उचलायची, नाहीतर कापड तिरकं ताणतं. चारही बाजूंनी इंचभर जास्त ठेवलं, कारण शिवताना थोडं आकसतंच. शेवटी खाली साधा कोरा कागद टाचला. वर्तमानपत्र नको, शाई लागते.

मी म्हटलं, "आजी, इस्त्रीने चिकटणारं पेस्टिंग लावू का?"
"त्यानं गोधडी ताठ होती. लेकराला टोचंल."

खरंय. शिवून झाल्यावर कागद फाडून काढला, खळ धुण्यात गेली. लुगडं पुन्हा तसंच मऊ.

आणि ती भोकं? तिथे जरा मोठी चिमणी शिवली. कडा बरोबर भोकांच्या बाहेर.

तुम्ही करणार असाल तर आधी दुसऱ्या चिंधीवर एक चिमणी शिवून बघा. घरातलं शेवटचं लुगडं टेस्टिंगला वापरू नका. भेटू पुढच्या भागात!